वडिलांची डावी बाजू

"हनुवटी जरा खाली, खांदे सैल सोडा," हे ताईंनी सकाळपासून किती वेळा म्हटलं, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं लग्नांचे फोटो काढून गुडघे कुरकुरायला लागले होते. त्यात लोकांचं नवीन खूळ. "ताई, आम्हाला कळू न देता काढा हं!" म्हणायचं, आणि कॅमेरा दिसला की काठी गिळल्यासारखं ताठ व्हायचं.

आजची नवरी मोकळी होती. पंचाईत होती तिच्या वडिलांची. वर्षापूर्वीच्या झटक्यानं त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू ओघळली होती, डावा हातही धड चालत नव्हता. ग्रुप फोटो म्हटलं की "पाणी पिऊन आलो" म्हणून सटकायचे, ते सगळं उरकल्यावरच उगवायचे.

"आजारपणानंतरचा बाबांचा एकही फोटो नाही माझ्याकडे," नवरी ताईंच्या कानाशी लागली. "एक तरी काढाच."

दुपारी नवरीच्या खोलीत ताई जरा टेकल्या होत्या. तेवढ्यात वडील आले. बाहीचं बटण एका हातानं लागत नव्हतं. लेक पुढे झाली.

"आणि वेंधळी म्हणे मी!"

वडील हसले. वाकडं, पण मनापासून. खिडकीचा उजेड दोघांवर होता. ताईंनी बसल्या जागीच फोटो घेतला.

मावशीनं हाक मारली म्हणून नवरी बाहेर गेली. वडिलांनी कॅमेरा मागितला, फोटो नीट पाहिला.

"पुसून टाका."

"अहो, तुमच्या लेकीनंच..."

"तोंड माझं आहे, ताई."

वाद घालायचं ताईंच्या अगदी जिवावर आलं होतं. आणि तोंड त्यांचंच होतं, हे खरंच. त्यांनी फोटो पुसला. इतका चांगला फोटो त्यांना वर्षभरात मिळाला नव्हता.

संध्याकाळी पाहुणे पांगू लागले तेव्हा वडील लेकीला घेऊन आपण होऊन आले. तिला थोडं मागे ठेवून हळूच म्हणाले, "बाबांचा फोटो झाला का, विचारत होती. मी हो म्हटलं. ते खोटं ठरायला नको हो आजच्या दिवशी. काढा."

ताईंनी त्यांना भिंतीशी उभं केलं. "थोडं वळा, म्हणजे डावी बाजू सावलीत जाईल."

"नको, ताई," नवरी म्हणाली. "सरळच राहू दे."

वडील सरळ उभे राहिले. दहा फोटो झाले, दहाही लाकडी. माणसाला नुसतं हस म्हटलं की हसू पळतं, हातांना काम दिलं तरच ते परत येतं. ताईंनी कॅमेरा खाली घेतला.

"साहेब, तिचं कानातलं केसांत अडकलंय. सोडवा बरं."

वडील वाकले, जीभ दातांत धरून उजव्या हातानं खटपट करू लागले.

"बाबा, कान राहू द्या जागेवर!" लेक ओरडली आणि दोघंही फिसकन हसली.

ताईंनी नेमका तेव्हाच फोटो घेतला. वडिलांनी तो पाहिला. "वाकडंच आलंय."

"हो," ताई म्हणाल्या.

"असू दे. ठेवा."

दुपारच्या फोटोची सर याला नव्हती. ताईंना ते कळत होतं.

"ताई, मामांकडचे सगळे जमलेत!" हॉलमधून कुणीतरी ओरडलं. त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला आणि पाय ओढत तिकडे निघाल्या.