तीन-सातच्या पुढचं अक्षर

या, अशा जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. आज एका अक्षराची गोष्ट सांगायची आहे. एका अक्षरानं देव भेटतो असं संत सांगतात. पण अक्षराकडे पाठ फिरवली तर काय होतं, तेही ऐका.

फ्रान्समधल्या एका छोट्या गावच्या इस्पितळात सोलेन नावाची तंत्रज्ञ होती. रुग्णांना किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल मोजून द्यायची, हे तिचं काम. गळ्यातल्या ग्रंथीची नुसती तपासणी असेल तर तीन पूर्णांक सात मेगा, हे किरणांचं माप. कर्करोग जाळायचा असेल तर तीन पूर्णांक सात गिगा. आकडा तोच, पण गिगा म्हणजे मेगाच्या हजारपट. तिथं मात्र मेगा-गिगा कुणी उच्चारतच नसे. सगळे नुसतं "तीन-सात" म्हणायचे. तपासणीची कॅप्सूल शिशाच्या चिमुकल्या डबीतून यायची आणि उपचाराची मनगट वाकवणाऱ्या जड डब्यातून. कुठली कोणती, ते हातालाच कळायचं.

त्या बुधवारी संपामुळे पुरवठादाराकडच्या लहान डब्या खुंटल्या होत्या. तपासणीची आणि उपचाराची, दोन्ही कॅप्सुली जड डब्यांतूनच आल्या. वर चिठ्ठ्या होत्या, पण सवयीचा डोळा आकड्यावर जाऊन थांबला. सोलेननं एक कॅप्सूल यंत्रात मोजली. तीन-सात.

समोर बसले होते मस्यू शासान्य, म्हणजे आपल्या भाषेत शासान्यराव, चर्चमधल्या मुलांना गाणं शिकवणारे म्हातारबुवा.

"पोरी, हिनं माझा आवाज नाही ना बसणार?"

"छे हो, मस्यू! ही नुसती नावापुरती. हिच्यापेक्षा तुमचं चीज जास्त बाधेल."

"मग काळजी नाही. चीज सत्तर वर्षं खातोय!"

पाण्याच्या घोटाबरोबर कॅप्सूल गेली, आणि बुवा चौकापलीकडच्या चर्चकडे निघाले. तिकडे बुधवारी मुलांना शाळा नसते, तालीम ठरलेली. मान तपासायला ते दुपारी परत येणार होते.

मग सोलेननं वरच्या मजल्यावरच्या कर्करोगाच्या बाईंसाठी दुसरी कॅप्सूल यंत्रात ठेवली. तीन-सात. या वेळी कोण जाणे कशी, तिची नजर आकड्याच्या पुढे सरकली.

तिथं एम होतं. मेगाचं एम.

"गिस्लेन," तिनं शेजारच्या टेबलावरच्या थोरल्या सहकारिणीला हाक मारली, "इकडे ये. हे वाच."

"तीन-सात. का गं, आकडे विसरलीस की काय?"

"पुढचं वाच."

गिस्लेननं चष्मा नाकावर ओढला. "मेगा. अगं, मग गिगा कुठंय?"

"शासान्यांच्या पोटात."

गिस्लेननं हातातली कॉफी बाजूला ठेवली. "थांब, थांब. यंत्र बिघडलं असेल. आधी प्रमुखांना विचारू."

सोलेनलाही वाटलं, थांबावं. यंत्र बिघडलेलं निघावं, नोकरी वाचावी, हा सगळा भास ठरावा. मग तिच्या डोळ्यांपुढे त्या बुवांच्या अंगाला खेटून उभी असलेली पोरं आली.

"प्रमुखांना तू सांग," ती म्हणाली. "मी चालले."

तिनं साध्या आयोडीनच्या गोळ्या खिशात कोंबल्या. त्या वेळेत घेतल्या तर ग्रंथीचं पोट भरतं आणि जळजळीत आयोडीनला आत जागा उरत नाही. उशीर झाला तर व्यर्थ. दुसऱ्या हातात किरण मोजायचं यंत्र घेऊन ती चौकातून धावत सुटली. चौकात यंत्र अधूनमधून टक करत होतं. चर्चचं दार ढकललं तेव्हा टकटक वाढली. आतून कोवळे सूर येत होते. चार पावलं पुढे गेली तशी तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. आता शंकेला जागा नव्हती.

"शेवटचं अक्षर खाऊ नका रे!" बुवा मुलांवर ओरडत होते. "किती वेळा सांगू? पूर्ण म्हणा, पार भिंतीला जाऊन लागू दे!"

"मुलांनो, बाहेर!" सोलेन किंचाळली. "सगळे बाहेर! पळा!"

मुलं बावरून पांगली. बुवा हात वर धरूनच उभे. "काय गं पोरी? काही चुकलं माझं?"

"तुमचं नाही, मस्यू. माझं." तिनं ते तडतडणारं यंत्र बंद केलं आणि थेट त्यांच्याजवळ गेली. "मी तुम्हाला हजारपट दिलंय. या गोळ्या घ्या. आत्ता."

"मरणार का मी?"

"नाही. पण गळ्यातली ग्रंथी... आवाजाचं मला सांगता येत नाही."

पहिली गोळी बुवांच्या बोटांतून निसटून फरशीवर पडली. दुसरी तिनंच त्यांच्या ओठांत ठेवली. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलत राहिले. प्रार्थना की गोळी चघळणं, ते तिला कळलं नाही. पण तीही मनात प्रार्थना म्हणू लागली.

पुढे शिशाच्या भिंतींच्या खोलीत बुवांना ठेवलं. मुलांना तपासलं, ती सुखरूप होती, देवाची कृपा. बुवांची ग्रंथी अर्धी वाचली, अर्धी जळाली. ग्रंथीचं काम भरून काढायला रोजची एक गोळी आयुष्यभर मागे लागली आणि वरचा सूर कायमचा गेला.

खोलीच्या दारापुढे फरशीवर एक रेघ असते, किरणांपासून जपायला ती ओलांडायची नसते. त्या रेघेपाशी उभी राहून सोलेननं विचारलं, "मस्यू, माझं तोंड तरी बघाल का पुन्हा?"

आतून खोल गेलेला आवाज आला, "आधी मला सांग, मी काय घेतलं होतं?"

"तीन-सात..." ती अडखळली. "तीन पूर्णांक सात गिगा."

"हां. आता भिंतीला लागलं," बुवा म्हणाले. "उद्या ये, पोरी."

तेव्हापासून त्या विभागात अर्धं कुणी बोलत नाही. तुम्हीही, बाबांनो, कुणाला आकडा सांगायला तोंड उघडाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि आपला वरचा सूर गमावलेल्या त्या शासान्यबुवांची आठवण काढा.