माझ्या मानेवरचा नवस

मी कोंबडा. माणच्या हैबतरावांच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या काळ्या टाकीच्या सावलीत माझा मुक्काम असतो. कोंबड्याचं आत्मवृत्त तुम्ही फारसं ऐकलं नसेल, कारण ते सांगून होईपर्यंत आम्हाला सहसा कुणी ठेवत नाही. मला ठेवलं. त्यात माझी कर्तबगारी शून्य, हे आधीच कबूल करतो. उगाच फुशारकी मारायला मी काही मोर नाही.

माझा जन्म खालच्या गोठ्यातला. गोठा म्हणजे नावालाच. जनावरं कधीच गेली, आता तिथं भाडेकरूंच्या दुचाक्या उभ्या असतात. त्या दुचाक्यांच्या मागे एका फुटक्या पाटीत आमची आई एकवीस दिवस अंड्यांवर बसली होती. ज्या आठवड्यात मी कवच फोडून बाहेर आलो, त्याच आठवड्यात हैबतरावांची नात सायली बारावी पास झाली. घरात पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांचा आणि माझा काही संबंध आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

झालं होतं असं, की रसायनशास्त्राच्या पेपराच्या आदल्या दिवशी सायलीला सणसणून ताप भरला. हैबतराव तडक गावाबाहेरच्या म्हसोबापुढे जाऊन बोलून आले, "पोरगी पास हू दे, तुऱ्याचा तांबडा कोंबडा देतो." पोरगी पास झाली. मग पिल्लांमध्ये तांबडं कोण, तुरा कुणाचा चांगला, यावर घरादाराच्या नजरा फिरायला लागल्या. मी जात्याच देखणा. चार महिन्यांत माझ्या पायात लाल चिंधी बांधली गेली आणि मी देवाचा झालो.

देवाचा होण्यात मजा असते. भावंडांना कण्या, मला बाजरी. भावंडांना काठी, मला "या महाराज". खाली कुत्र्यांचा आणि गाड्यांचा धोका म्हणून माझी रवानगी थेट गच्चीवर झाली. इथून काचेच्या कंपन्या दिसतात, त्यांच्यापलीकडे क्रेन दिसतात आणि अलीकडे म्हसोबाचा भगवा झेंडाही दिसतो. एवढा थाट आपल्या रूपामुळे आहे, अशी माझी ठाम समजूत होती. बळीच्या बकऱ्याचे लाड का करतात, ते बकऱ्याला कोण सांगणार?

माझ्या सुखात पहिलं विघ्न आलं ते जान्हवीच्या रूपानं. ही परभणीची मुलगी, एका कंपनीत नोकरीला, वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाड्यानं राहणारी. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम तिचं, आणि ते ती घरीही सोडत नसे. परदेशातल्या लोकांशी बोलून ती झोपायची आणि पहाटे चारला मी आरवायचो. एका पहाटे ती विस्कटल्या केसांनी, हातात चप्पल घेऊन वर आली. त्याच वेळी सायली माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती.

"ताई, त्याला मारू नका. देवाचा आहे तो."

"देवाचा आहे तर देवाकडे पाठवा की. माझी नऊला मीटिंग आहे."

"पाठवणारच आहेत. चैत्रातल्या जत्रेत."

मग सायलीनं नवसाची सगळी हकिकत सांगितली. जान्हवी अर्धवट झोपेत ऐकत होती. शेवटी जांभई देत म्हणाली, "म्हणजे आजारी तू पडलीस, अभ्यास तू केलास, पास तू झालीस आणि मरणार हा?" एवढं बोलून ती खाली जाऊन झोपली. सायली मात्र पाण्याचं भांडं हातात धरून तशीच टाकीला टेकून बसली. तिची त्या दिवशीची कॉलेजची बस चुकली.

मला वाटायचं, विचार करायची सवय माणसांना जाड पुस्तकांतून लागते. आमच्याकडे ती चप्पल घेऊन आली. पुस्तकही आलं म्हणा नंतर. सायलीनं कॉलेजच्या लायब्ररीतून तत्त्वज्ञानाचा एक ठोकळा आणला, अकरा पानं वाचली आणि मग तो माझ्या खुराड्याचं दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून टेकवून ठेवला. पण प्रश्न काही थांबले नाहीत. मला बाजरी टाकता टाकता ती विचारायची, "देव सगळ्यांचा, तर तुझा कोण रे?" मी बाजरी टिपायचो. एवढे अवघड प्रश्न उपाशीपोटी कोण सोडवणार?

कॉलेजला निघताना झेंड्याकडे बघून हात जोडायची तिची लहानपणापासूनची सवय. एक दिवस तिनं मुद्दाम हात जोडले नाहीत, काय होतं ते बघायला. त्या दिवशीची चाचणी पार बिघडली. दुसऱ्या दिवशी घाबरून तिनं दोनदा हात जोडले. त्या दिवशीचीही बिघडली. मग ती जान्हवीकडे गेली आणि म्हणाली, "मला वाटतं, दोन्हीचं कारण मी अभ्यास केला नव्हता हे आहे." जान्हवी खूश झाली. तर सायलीनं लगेच तिलाच विचारलं, "तुम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही, मग कंपनीत पगारवाढीची मीटिंग होती त्या दिवशी दही-साखर का खाल्लीत?" जान्हवी म्हणाली, "दही आवडतं मला." माझ्यासमोर खोटं बोलली. ती कधी दह्याला शिवायची नाही.

संध्याकाळी दोघी गच्चीत बसून असं वाद घालायच्या आणि मी कठड्यावरून ऐकायचो. मला त्या पोरीचं कौतुक वाटायला लागलं होतं. तिला उत्तरं येत नव्हती, पण आलेलं उत्तर आपल्याला सोयीचं आहे म्हणून खरं, असं ती मानत नसे. निदान मानायचं नाही, असा प्रयत्न करायची.

मग तो रविवार आला. हैबतरावांकडे रविवार म्हणजे कोंबडीचा रस्सा आणि सायली म्हणजे तंगडीची हक्काची मालकीण. ताट घेऊन ती गच्चीवर आली. खाता खाता म्हणाली, "ताई, मला हा बिचारा रोज दिसतो आणि पोटात तुटतं बघा."

जान्हवी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "याच्यासाठी पोटात तुटतं आणि त्याची तंगडी चोखतेस. त्याच्या पायात चिंधी नव्हती, एवढाच काय तो फरक."

सायलीचा चेहरा खर्रकन उतरला. ताट तसंच उचलून ती खाली गेली आणि चार दिवस जान्हवीशी बोलली नाही. राग जान्हवीचा नव्हता. प्रश्न आतापर्यंत आजोबांच्या दारात उभा होता, तो आता हिच्या ताटात येऊन बसला होता.

जत्रेला आठवडा राहिला तेव्हा तिनं धीर केला. हैबतराव गच्चीवर टाकीचा पाइप बघायला आले होते.

"आबा, ह्याला कापायचा न्हाई."

"का गं? शिकलीस म्हून?"

"पास मी अभ्यासानं झाले."

"झाली असशील. म्या कुटं न्हाई म्हनलं? पण म्या शब्द दिलाय. मानसाला दिलेला शब्द असता तर घरी जाऊन, च्या पिऊन, त्याची समजूत घातली असती. देवाची कशी घालू? तुला देव न्हाई म्हनायचं तर खुशाल म्हन. पर मी तर हाय ना? माझ्या शब्दाचं काय?"

हैबतराव पाइप आवळून खाली गेले. संध्याकाळी ती जान्हवीला म्हणाली, "आबांचं पण खरं आहे. शब्द दिलाय म्हणजे दिलाय."

मी तिच्या इतक्या पहाटा खराब केल्या, तरी जान्हवीला माझी दया आली होती. ती म्हणाली, "सोपं आहे. माझी मैत्रीण मुठा गावात राहते. तिच्याकडे सोडून येऊ. घरी सांग, बोक्यानं नेला."

माझा जीव भांड्यात पडला. मुठा तर मुठा, हवा चांगली असेल. आणि सायली काय म्हणाली? म्हणाली, "नको. आबांनी शब्द पाळायचा आणि मी खोटं बोलायचं, मग माझं खरं कुठलं?"

तुम्हाला यात तिचा मोठेपणा दिसत असेल. मला दिसला नाही. मी तीन फेऱ्या मारून गच्ची डोक्यावर घेतली. मान माझी, सुरी माझ्यावर आणि हिला पडलीय खऱ्या-खोट्याची. तत्त्वं पाळणाऱ्यांच्या शेजारी राहणं फार जोखमीचं असतं, हे माझं अनुभवाचं मत आहे.

चैत्रातलं ऊन, दुपारचे बारा. म्हसोबापुढे नवसाची रांग लागली होती. आमच्या पुढे दोन कोंबडे, मागे एक बोकड. पुढचे दोघे एकेक करून गेले. सायली ते बघत होती, डोळे फिरवले नाहीत तिनं. ज्याच्यासाठी नवस, त्यानंच कोंबडा देवापुढे धरायचा, असा रिवाज. माझ्या काळजाची धडधड तिच्या बोटांना लागत होती.

आता इथली रीत सांगतो. गुरव अंगावर पाणी शिंपडतो. कोंबड्यानं अंग झाडलं तर देवानं घेतला, त्याचा होकार मिळाला. नाही झाडलं तर देवाचा काहीतरी रोष आहे म्हणायचं आणि थांबायचं. म्हणजे मी नुसता गप्प उभा राहिलो असतो तरी वाचण्याची आशा होती. दयानंद गुरवानं पाणी शिंपडलं. उन्हानं माझी लाही झाली होती, पाणी विहिरीचं, गारेगार. मी झक्कपैकी अंग झाडलं. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेला नाही.

"घेतला," दयानंद म्हणाला, आणि सुरीवाला पुढे सरकला.

"त्याला गार वाटलं म्हणून झाडलं त्यानं," सायली म्हणाली. तिनं मला पोटाशी धरलं होतं. "त्याला काय इचारलं ते त्याला कळलं तरी का?"

मागचा बोकडवाला कुरकुरला, "आवरा की, पोळतंय." हैबतराव नातीकडे बघत होते.

"आबा, शब्द तुमचा. पास मी झाले. ह्याच्यात ह्याचं काय हाय?"

"मग फेडू कसा ते तू सांग," हैबतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

सायलीनं माझ्या पायातल्या चिंधीकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्यापायी देवाला द्यायचंय ना? मग माझं घ्या. आजपासून मी कोंबडी-मटण खाणार न्हाई. कंदीच."

रांगेत कुणीतरी हसलं. सायलीचं रविवारचं ताट गावाला माहीत होतं.

"तुझा तर इस्वास न्हाई ह्याच्यावर," हैबतराव म्हणाले.

"ह्याच्यावर हाय का न्हाई, ते मला अजून ठरवता येईना. पर तुमच्या शब्दावर हाय."

हैबतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. मग म्हसोबाकडे बघून, शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "ऐकलंस न्हवं?" आणि गुरवाला म्हणाले, "दयानंद, नारळ फोड. पोरीचा शब्द घे." निघताना माझ्या पायातली चिंधी त्यांनी स्वतः सोडली. "सायले, मी कंदी इचारायचो न्हाई पाळतीस का न्हाई ते," एवढंच म्हणाले. आमच्या मागचा बोकड पुढे गेला. त्याच्यासाठी कुणी काही बोललं नाही, आणि घरी येईपर्यंत सायलीही बोलली नाही.

आता मी साधा कोंबडा आहे. बाजरी बंद, कण्या सुरू. जान्हवीनं कानात घालायचे बोळे आणलेत. आणि सायली रविवारी पिठलं-भाकरी खाते, तोंड वाकडं करत. भक्तीनं वगैरे अजिबात नाही.

गेल्या रविवारची गोष्ट सांगतो आणि तुमची रजा घेतो. घरातली सगळी लग्नाला गेली होती, हैबतराव तेवढे खाली पडवीत पडले होते. सायली गच्चीवर आली ती हातात रश्शाची वाटी घेऊन. वर तर्री, आत कोंबडीची एक फोड. आजूबाजूला कुणी नाही. ती वाटी घेऊन माझ्यासमोर बसली. एकदा फोड उचलली, पार ओठांपर्यंत नेली. मी श्वास रोखून बघत होतो. माझ्या मानेला आता कसली भीती नव्हती, तरी बघत होतो. मग तिनं फोड खाली ठेवली, वाटी बाजूला सारली आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

आणि मी, सांगायला लाज वाटते, पुढे झालो आणि ती फोड टिपून खाल्ली. मऊ होती. आम्हा कोंबड्यांना असलं काही वर्ज्य नसतं.

सायलीनं डोकं वर केलं. आधी तिचे डोळे विस्फारले, मग ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "तुला चालतं होय रे," म्हणाली. "मला वाटायचं, मी तुझ्यासाठी करतीय हे." मग थोडा वेळ ती कंपन्यांच्या काचांकडे बघत बसली. उठून तिनं टाकीच्या नळाखाली वाटी स्वच्छ धुतली आणि खाली गेली.

पडवीतले आवाज गच्चीवर ऐकू येतात.

"आबा, आज माझा शब्द मोडणार होता. मोडला न्हाई."

"म्या इचारलं का तुला?"

"न्हाई इचारलंत. म्हणून तर सांगतीया."