पहिले तीन दिवस फोन नाही

रॉइसचा फोन कपाटात ठेवून कुलूप घातलं, तेव्हा डेल्माला मनातून बरंच वाटलं. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या त्या मानसोपचार वॉर्डात नर्स म्हणून तिची हयात गेली होती, आणि अलीकडे दर दुसरा पेशंट त्या डबड्यापायीच येत होता. रॉइस पन्नाशीचा ट्रकवाला. कंबर गेली, काम सुटलं, मग दिवसरात्र ऑनलाइन गेम. बहिणीने आणला तेव्हा नुसती हाडं उरली होती.

"एकच निरोप, डेल," तो म्हणाला. "न्यूझीलंडला एक बाई आहे, पाइया. आम्ही रोज संध्याकाळी एकत्र खेळतो. मी दिसलो नाही तर घाबरेल."

"सगळ्यांचा एकच निरोप असतो, राजा. पहिले तीन दिवस फोन नाही."

"मग तू लिही. रॉइस दवाखान्यात आहे, जिवंत आहे. बस."

"आणि उद्या तिचं उत्तर वाचून दाखवू? मी नर्स आहे, पोस्टमन नाही."

मागे एका पेशंटच्या विनवण्यांना भुलून तिने त्याच्या भाचीला असाच निरोप धाडला होता, तर ती भाची म्हणजे सट्ट्याचा बुकी निघाला. एकदा फसलेली डेल्मा आता बधणार नव्हती. रॉइस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मुदत संपल्यावर तिने फोन दिला आणि नियमाप्रमाणे शेजारी बसली. पाइयाचे निरोप ओळीने होते. आलास का? रॉइस, चेष्टा पुरे. मग, म्हणजे तू गेलास. आपला शब्द संपला. शेवटचा तिच्या बहिणीचा होता. पाइयाने काल जीव दिला. तुम्ही तिचे कोण?

"कसला शब्द?" डेल्माने विचारलं.

"दुसरा जिवंत आहे तोवर आपण जीव द्यायचा नाही. वर्षभर त्यावरच निभावलं." त्याने फोन तिच्या मांडीवर ठेवला. "हे सांगितलं असतं तर तुम्ही फोन कधीच दिला नसता. ने. आता नको."

बाहेर तरुण डॉक्टर भेटला. "स्वतःहून परत केला? सुधारतोय की."

"सुधारत नाहीये," डेल्मा म्हणाली. "त्याला धरून ठेवणारी एकच बाई होती. तिला निरोप मी जाऊ दिला नाही. त्याला आता क्षणभरही एकटं सोडायचं नाही."

ती खुर्ची घेऊन आत गेली, पलंगाला लावून बसली. रॉइसने तिच्याकडे पाहिलं नाही.

"दुसऱ्या कोणाला तरी पाठव," तो म्हणाला.