सोमवारी फोन करा

मी फोन बोलतोय. आजवर मी इकडचं बोलणं तिकडे नेलं आणि तिकडचं इकडे आणलं, त्यात माझा स्वतःचा एक शब्द नव्हता. आज पहिल्यांदाच मी माझं सांगतोय. माझी बॅटरी फुगलीय, मागचं झाकण उचललं गेलंय आणि आता मला कोणी चार्जिंगला लावत नाही. लोक म्हणतात जुना झाला म्हणून फुगला. मला वाटतं, एक गोष्ट इतके दिवस पोटात ठेवली म्हणून फुगलो असेन.

माझा जन्म उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती, त्यामुळे आईबापाचा लाड वगैरे काही नाही. वाशीच्या एका दुकानातून मला चर्चच्या माणसाने विकत घेतलं आणि घणसोलीत, तळवली गावाच्या अंगाला असलेल्या एका इमारतीत आणून ठेवलं. दुसरा मजला, दोन खोल्या. तिथे दोन लोखंडी पलंग, दोन टेबलं, दोन खुर्च्या असं सगळं दोन-दोन होतं. फोन तेवढा एकच, मी.

तिथे राहायची विशीतली दोन मुलं. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या चर्चची. घरदार, कॉलेज, मित्र सगळं दोन वर्षांसाठी बाजूला ठेवून ही मुलं सेवेला निघतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. पाटीवर फक्त आडनाव. आपसांत हाकसुद्धा ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव अशीच. पहाटे साडेसहाला उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, व्यायाम, अंघोळ, आठ वाजता ग्रंथ उघडून बसायचं. चहा नाही, कॉफी नाही, सिनेमा नाही. कोणी बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात जायचं नाही. आणि मुख्य म्हणजे जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. दर काही आठवड्यांनी बदल्या होतात, एक जातो, दुसरा येतो. माझ्या हयातीत अकरा जोड्या झाल्या. मालक बदलले, मी तोच.

घरी फोन करायचा तो फक्त सोमवारी. सोमवारी ही मुलं कपडे धुतात, बाजार करतात आणि आईवडिलांशी बोलतात. बाकीचे सहा दिवस मन कामात राहावं म्हणून ही शिस्त. फारच नड असेल तर अर्थात सूट होती.

अकरावी जोडी रोहन भालेराव आणि अभय वाघमारे यांची. रोहन पुण्याचा, वर्षभर जुना, म्हणून जोडीत मोठा. सगळे नियम तोंडपाठ आणि त्यांची अंमलबजावणी त्याहून पाठ. ग्रंथात ओळ अधोरेखित करायची तरी फूटपट्टी लावून करायचा. अभय सोलापूरचा, या घरात नवा. हसतमुख, जरासा वेंधळा. त्याचे शर्ट बाजारातून घेतलेले तयार, गळ्याशी इतके ढगळ की टाय बांधला की कॉलरला चुण्या पडायच्या.

दर सोमवारी मी सोलापूरला लागायचो. माझ्या काचेवर अभयची आई शर्मिलाकाकू दिसायच्या. त्यांच्या मागे एक फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यापलीकडून शिवणयंत्राचा खडखडाट. ते अभयचे वडील, सिताराम. मुलगा मिशनला, म्हणजे या दोन वर्षांच्या सेवेला, निघाला त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पडद्याबाहेर ते कधी आले नाहीत. पण माझ्या कानाला एक गोष्ट कळली होती. अभय बोलायला लागला की मशीन थांबायचं. त्याने फोन ठेवेपर्यंत थांबलेलंच असायचं.

आता ती गोष्ट सांगतो.

एका मंगळवारी ही दोघं करावे गावात जाईबाईंकडे गेली होती. जाईबाईंची सून सोनम चर्चला येणारी, तिनेच बोलावलं होतं. जाईबाई खाडीवर जन्म काढलेल्या, पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही हा त्यांचा धर्म.

“च्या घ्या पोरांनो. पित न्हाई म्हंजे काय? माज्या घरचा च्या कडू हाय का?”

रोहनने हात जोडले. अभयने म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं, कप उचलला आणि दोन घोट घेतले. झालं. घरी येईपर्यंत रोहन एक अक्षर बोलला नाही. बुधवारीही नाही. आणि गंमत अशी, की भांडण झालं तरी या मुलांना एकमेकांपासून लांब जाता येत नाही. तोंडं दोन दिशांना, पाय एकाच दिशेला. भाजी घ्यायला सोबत, दाढी करायला सोबत. माणसं रुसून आपापल्या खोलीत जातात, यांना ती सोयही नव्हती.

गुरुवारी सकाळी सव्वासातला अभय अंघोळीला गेला होता. मी वाजलो. नंबर ओळखीचा नव्हता. रोहनने मला उचललं.

“अभय हाय का? मी त्याचा बाप बोलतोय. शेजाऱ्याचा फोन घेऊन.”

मी शहारलो. पडद्यामागचा तो माणूस पहिल्यांदा माझ्यातून बोलत होता.

“नमस्कार काका. तो अंघोळीला गेलाय. काही अर्जंट आहे का?”

“न्हाई, तसं न्हाई. त्याचं माप पाहिजे हुतं.”

“कसलं माप?”

“न्हाई, असू दे.”

“काका, तुम्ही सोमवारी फोन करा ना. नियम आहे आमचा. घरचे फोन सोमवारीच.”

“सोमवारी व्हय. बरं.”

चव्वेचाळीस सेकंद. एवढंच बोलणं झालं. न्हाणीघरात नळ बंद झाल्याचं मला ऐकू आलं. अजून अर्धं मिनिट थांबवलं असतं तर बापलेकांची गाठ पडली असती.

रोहन काही वाईट मुलगा नव्हता. नाश्त्याला सांगू, असं त्याच्या मनात होतं. पण दोन दिवसांचा अबोला होता. आधी कोणी बोलायचं इथेच गाडं अडलं. दुपारी रबाळ्याला जायचं होतं, तेव्हाही राहिलं. संध्याकाळी सोनमला फोन लावायला अभयने मला मागितलं, आणि रोहन घाबरला. दिवसभर का नाही सांगितलं, असं अभय विचारणार. त्याने पाठ वळवून यादीतला तो नंबर पुसला आणि मग मला अभयच्या हातात दिलं.

पुसलं त्याने, पण पुसू दिलं मी. मी म्हणू शकतो की मी यंत्र आहे, बोट फिरलं तसं वागलो. पण माझा जन्मच आवाज पोचवण्यासाठी. एका बापाने आठ महिन्यांचा राग गिळून, बहुतेक घरी कळू न देता, शेजाऱ्याकडे फोन मागितला, आणि त्याचा आवाज माझ्यापाशी येऊन अडला. ही बोच मला आहे आणि ती कोणत्याही सबबीने जात नाही.

सोमवार आला. सिताराम यांचा फोन काही आला नाही. नेहमीप्रमाणे काकूच आल्या, मागे पडदा, मागे मशीन. अभय बोलत राहिला आणि मशीन चालतच राहिलं.

फोन ठेवल्यावर तो पलंगावर बसून राहिला. “एल्डर, आज बाबांची मशीन थांबली न्हाई,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मी बोलायला लागलो की थांबत्यात ते. ऐकत बसत्यात. मला वाटायचं, आज ना उद्या बोलतील.” मग हसून म्हणाला, “जाताना म्हणाले हुते, जगाचे शर्ट शिवीन, पर हे पांढरे शर्ट तुझ्यासाठी शिवणार न्हाई. म्हणून तर हे बाजारातले. शर्ट अंगाला बसत न्हाई म्हंजे काय ते मला ठाऊकच नव्हतं ओ, लहानपणापासनं बाबांच्याच हातचे.”

माप कसलं, ते रोहनला त्या क्षणी कळलं. त्याचा चेहरा माझ्या काळ्या काचेत मला दिसला. तो उठून दुसऱ्या खोलीत जाणार होता, पण जोडीदाराला एकटं सोडायचं नाही म्हणून दारातच थांबला.

त्या दिवसापासून रोहनचं वागणं बदललं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. मी वाजलो की दचकायचा. अभयची ताटं घासायचा, त्याच्या शर्टांना इस्त्री करायचा, त्या ढगळ कॉलरीवरून तर चार-चारदा फिरवायचा. रात्रीची प्रार्थना इतकी लांबायची की अभय गुडघ्यांवरच पेंगायचा. मधूनच मला उचलून कॉलची यादी उघडायचा, नसलेला नंबर शोधायचा आणि मला पालथा ठेवायचा.

या जोड्यांमध्ये एक रिवाज आहे. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचं आणि मनात काय साठलंय ते एकमेकांना सांगायचं. पहिल्याच शुक्रवारी अभयने सांगून टाकलं होतं, “मी चहा घेतला ते चुकलं. पर म्हातारीचं मन मोडवंना.” रोहनला विचारलं तर तो म्हणाला, “माझं काही नाही.” पुढच्या शुक्रवारीही तेच. असे सहा शुक्रवार गेले. सहा वेळा मी टेबलावर दोघांच्या मध्ये होतो आणि सहाही वेळा ‘काही नाही’ हे शब्द मी ऐकले. सोमवारीही मशीन थांबायचं नाव घेईना.

एका शनिवारी बदलीचा फोन आला. रोहनला मंगळवारी दुपारी दुसऱ्या शहरात निघायचं होतं. सोमवारी दोघं निरोपाला जाईबाईंकडे गेली. या वेळी म्हातारीने आपणहून कोकमाचं सरबत पुढे केलं. पेला देताना तिने अभयची कॉलर दोन बोटांनी धरली.

“तुजा बापूस शिवतो म्हंतोस ना? मंग शर्ट असा ढगला कसा?”

“बाबा रागावल्यात, आजी. बोलत न्हाईत.”

“मंग तू कर ना फोन.”

“मी केलेला घेत न्हाईत. त्यांनीच आपणहून केला तर.” अभयने पेला खाली ठेवला. “पर ते कशाला करत्यात.”

रोहन जमिनीकडे बघत राहिला. मी त्याच्या खिशात होतो. खिशात हात घालून त्याने मला घट्ट धरलं.

मंगळवारी सकाळी बॅग भरून दाराशी ठेवली होती. रोहनने दोन्ही खुर्च्या समोरासमोर टाकल्या.

“आज शुक्रवार न्हाई,” अभय म्हणाला.

“माहितेय. बस.” रोहनने मला टेबलावर ठेवलं. “सहा आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, तुझ्या बाबांचा फोन आला होता. तू अंघोळीला गेला होतास. मी त्यांना सोमवारी करा म्हणालो. तुला सांगितलं नाही. मग नंबर पुसून टाकला.”

रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, तो लांब जाईपर्यंत दोघं तशीच बसली होती.

“आवाज कसा हुता त्यांचा?” अभयने विचारलं.

“बरा होता. शेजाऱ्याचा फोन मागून आणला होता. तुझं माप पाहिजे म्हणाले.”

अभयने तोंड वळवलं. ढगळ कॉलरीतून त्याची बारीक मान दिसत होती. रोहनला माफी मागायची होती, पण त्याने आधी मला उचललं आणि स्पीकर चालू करून काकूंचा नंबर लावला.

“काकू, मी भालेराव. काकांना फोन द्या. नाही म्हणतील, तरी द्या.”

पावलं. पडदा सरकल्याचा आवाज. मशीनचा खडखडाट जवळ आला आणि थांबला.

“आज मंगळवार हाय,” सिताराम म्हणाले.

“काका, चूक माझी आहे. अभयला तुमचा फोन आल्याचं मी आजपर्यंत सांगितलंच नव्हतं. त्याला काही माहीत नव्हतं. तुम्ही त्याच्यावर राग धरू नका.”

मशीन पुन्हा चालू होतंय की काय याची मला धास्ती होती.

“माप सांग,” ते म्हणाले.

घरात टेप नव्हती. रोहनने माझी चार्जिंगची वायर ओढून काढली, आधी अभयच्या गळ्याभोवती, मग छातीभोवती गुंडाळली, जिथे टोक भिडलं तिथे नखाने धरलं आणि ग्रंथातल्या ओळी आखायच्या फूटपट्टीवर ताणून मोजली. अभय हात वर करून उभा होता, लहान मुलगा दुकानात उभा राहतो तसा. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात वर असल्यामुळे ते त्याला पुसता येत नव्हतं.

“गळा चौदा,” रोहनने सांगितलं. “छाती छत्तीस.”

“नीट मोज.”

रोहनने पुन्हा वायर गुंडाळली. “छत्तीसच आहे काका.”

मग सिताराम यांचा आवाज आला, पण आता तो रोहनसाठी नव्हता.

“अडतीस छातीचा करून पाठवला हुता तुला. जेवत न्हाईस व्हय रे?”

“जेवतो बाबा,” अभय म्हणाला.

त्या दुपारी रोहन गेला. पंधरा दिवसांनी कापडात शिवलेलं पार्सल आलं, त्यात पांढरे शर्ट, कॉलर अगदी गळ्याबरोबर. रोहनला ते बघायला मिळाले नाहीत. अभयही पुढे बदलून गेला. आता नवीन मुलांना नवीन फोन मिळालाय आणि मी टेबलाच्या खणात पडून आहे, त्या वायरीसकट. वायरीवर रोहनच्या नखाच्या दोन खुणा अजून आहेत.

लवकरच मला भंगारात देतील. माझी तक्रार नाही. शेवट गोड झाला असं तुम्ही म्हणाल, पण मला ते सहा सोमवार विसरता येत नाहीत. पडद्यामागे एक माणूस, लेक आपल्याला हाक मारील याची वाट बघून थकला आणि मशीन चालवत राहिला, आणि खरं काय ते माहीत असून मी गप्प पडून होतो. जाता जाता तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरातला माझा कोणी भाऊबंद अवेळी वाजला, नंबर अनोळखी असला आणि पलीकडचा माणूस दुसऱ्यासाठी काही विचारत असला, तर त्याला वार सांगू नका. एवढंच म्हणा, थांबा, बोलावतो.