एकटीची खोली

परदेशातून मूल दत्तक घेणे म्हणजे ओल्या सुतळीची गाठ नखांनी सोडविणे होय, असे सोफे-गाद्यांच्या कारागिराचे ठाम मत झाले होते. पोलिसांचा दाखला हाती यावा, तर डॉक्टरांच्या दाखल्याची मुदत संपलेली असावी. डॉक्टरांकडून नवा आणावा, तोवर पोलिसांचा शिळा व्हावा. दोन्ही ताजे असावेत, तर त्या देशाच्या कचेरीने शिक्क्याची जागा बदललेली असावी. कारागिराची पत्नी चष्म्याच्या दुकानात कामास होती. गिऱ्हाइकाने वीस काचा घालून पाहिल्या आणि पहिलीच बरी म्हटले तरी न चिडण्याची तिला सवय होती. कारागिराचा स्वभाव मात्र मुळातच तापट. त्यात हा छळ.

"अहो, मूल पोटात वाढवायचं तरी नऊ महिने कळ काढावीच लागली असती ना?" ती म्हणे.

"तिथे निदान शिक्के मारावे लागत नाहीत!" तो म्हणे.

दाखल्यांहूनही अधिक ताप त्यास समुपदेशक बाईंचा होता. भावी आईबापांना या बाईंच्या वर्गास बसणे सक्तीचे होते. त्या शांत स्वराने विलक्षण प्रश्न विचारीत. मुलीला पहिले नाव आवडत असेल तर ते बदलणार का? ती तुम्हाला महिनोन्महिने आई-बाबा म्हणाली नाही तर काय कराल? आणि एके दिवशी त्यांनी विचारले, "तिकडच्या बालगृहात ती झोपते कशी, कोणाशेजारी, हे विचारून घेतलंत का?"

कारागीर खुर्चीतच ताठ झाला. "बाई, झोपायचं मला सांगू नका. अख्ख्या गावाला मी झोपवतो. पोरीसाठी वेगळी खोली केलीय, पलंग माझ्या हातचा."

"सुरुवातीला तिचा पलंग तुमच्याच खोलीत ठेवलात तर बरं."

"म्हणजे स्वतंत्र खोली देणारा बाप वाईट आणि अडचणीत कोंबणारा चांगला? वा! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

बाईंनी हसून पुढचे पान उलटले. परंतु पत्नी घरी जाताना म्हणाली, "एक प्रश्न विचारायला काय जातं आपलं?" तो उत्तरला, "तिथून उत्तर येईस्तोवर पोरीचं लग्नाचं वय होईल." आणि तो प्रश्न तेथेच राहिला.

ती खोली खरोखरच देखणी होती, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पलंग त्याने त्या खोलीतच बसून घडविला होता. उशाकडच्या फळीवर फोम, त्यावर पांढरे रेक्झिन, त्यात ओळीने दाबलेली बटणे, पांढरीशुभ्र चादर, खिडकीस पांढरा पडदा. दुकानातला धूळकट माणूस घरी एवढे पांढरे काम करू शकतो, याचे शेजाऱ्यांनाही नवल वाटले. त्याने खोलीचे छायाचित्र काढून घेतले आणि घर, गल्ली व दुकान यांच्या छायाचित्रांसोबत एका अल्बममध्ये अगदी शेवटी, मुद्दाम, पान भरून लावले.

अखेर बोलावणे आले आणि दोघे त्या देशी पोहोचले. तेथील नियम असा की, आईबापांनी काही दिवस बालगृहात येऊन मुलीच्या सहवासात राहावे. नंतर मुलगी अधिकारीबाईंसमोर बसेल. त्या तिलाच विचारतील. मुलीने नाही म्हटले, तर आलेल्यांनी हात हलवीत परत जावे.

"पाच वर्षांच्या पोरीला विचारणार?" कारागिराने दुभाष्यास विचारले. दुभाषी हा निवृत्त शाळामास्तर होता व दोन्ही भाषा सारख्याच सावकाशीने बोलत असे.

"तिलाच तर जायचंय, साहेब."

मुलीला बालगृहात सर्वजण धाकटी म्हणत. ती बारीक, काळजीपूर्वक पावले टाकणारी होती. पहिल्या भेटीत तिने पत्नीचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढविला, जिन्याकडे पाहिले व पायऱ्या डोलताना दिसताच हसत खाली बसली. दुसऱ्या भेटीत तिने कारागिराच्या बोटांवरचे सुईचे घट्टे मोजण्याचा प्रयत्न केला. त्याचे हृदय लोण्यासारखे पाघळले. त्याच भरात त्याने अल्बम उघडला.

गल्ली तिला आवडली. दुकानातला कापड उतरविलेला सोफा पाहून ती काहीतरी बोलली व खिदळली.

"ती विचारते, हा नागडा का बसलाय?" दुभाष्याने सांगितले.

"सांगा तिला, त्याचे कपडे धुवायला टाकलेत!"

पुन्हा हशा झाला. मग कारागिराने घसा खाकरला आणि शेवटचे पान उलटले. "आणि ही तुझी खोली. तुझी एकटीची."

दुभाष्याने ते जसेच्या तसे सांगितले. धाकटीने छायाचित्राकडे पाहिले. तिचे हसू दिवा मालवावा तसे गेले. तिने अल्बम मिटला, उठली आणि दाराशी बसलेल्या मोठ्या मावशींच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. सर्व मुलांचा सांभाळ करणाऱ्या या मावशी फारशा बोलत नसत.

त्यानंतर धाकटी जवळ येईना. पत्नीने चष्मा पुढे केला तरी नाही. अधिकारीबाईंसमोर बसण्याचा दिवस जवळ येऊ लागला आणि कारागीर विस्तवावर उभा असल्यासारखा येरझारा घालू लागला.

"मी हात उचलला? ओरडलो? मास्तर, तुम्ही तिला भलतंच काही सांगितलंत का?"

"तुम्ही बोललात तेवढंच सांगितलं, साहेब."

"अहो, त्यांच्यावर कशाला घसरता?" पत्नी म्हणाली. "मावशींना विचारू या."

"विचार! सगळ्यांना विचार! नाहीतरी या व्यवहारात बापाला तेवढं कोणी विचारत नाही!"

मावशींनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांना वरच्या मजल्यावर नेले. तेथे एक लांब दालन होते. जमिनीवर गाद्या एकमेकींना खेटून मांडलेल्या होत्या, मध्ये बोटभर फट नाही. मावशींनी ओळीच्या मधोमध असलेली एक गादी दाखविली. धाकटीची. डावीकडे एक मूल, उजवीकडे एक मूल. कारागिराने सवयीने गादी दाबून पाहिली व "कापूस पार बसलाय" असे पुटपुटला.

मग मावशींनी दालनाच्या टोकाचे दार उघडले. आत एकच पलंग होता. पांढरी चादर, पांढरा पडदा, एक खिडकी.

"ही आजाऱ्यांची खोली," दुभाष्याने मावशींचे बोलणे सांगितले. "ताप, गोवर, असं काही झालं की मुलाला इथे एकटं ठेवतात. धाकटीच्या शेजारी झोपणारी मुलगी इथूनच मोठ्या दवाखान्यात गेली. ती बरी झाली, पण तिथून दुसऱ्या संस्थेत पाठवली. धाकटीला वाटतं, या खोलीनेच तिला गिळलं. परवापासून मावशींना विचारतेय, मला काय झालंय?"

कारागिराचा बांध फुटला. "अहो, मग हे आधी सांगायचं ना आम्हाला!"

मावशी एवढेच म्हणाल्या, "तुम्ही विचारलं का?"

"वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं," पत्नी हळूच म्हणाली.

"सांगितलं होतं, सांगितलं होतं! चढवा मला सुळावर!" असे म्हणून तो तेथेच, त्या एकट्या पलंगाच्या कडेवर, मटकन बसला. या वेळी त्याचा संताप दुसऱ्या कोणावर नव्हता. म्हणूनच तो अधिक जाळीत होता.

खाली येताच त्याने मेहुण्यास फोन लावला. घराची किल्ली त्याच्याकडे होती.

"पोरीचा पलंग आमच्या खोलीत सरकव. आमच्या पलंगाला खेटून. आणि फोटो पाठव."

थोड्या वेळाने मेहुण्याचा धापा टाकणारा आवाज आला. "दाजी, तो दारातून निघत नाही! आडवा केला, उभा केला. आत नेलात कसा?"

"नेला नाही. आतच बनवला."

"खिडकीतूनसुद्धा काढायचा विचार नव्हता वाटतं?" मेहुणा हसू लागला.

"दात काढू नकोस! दुकानातून करवत आण आणि मधून काप."

"एवढं सुबक काम, दाजी?"

"काप म्हणतो ना!"

छायाचित्र आले, ते कारागिराने बालगृहाच्या कचेरीत कागदावर छापून घेतले. कापलेला पलंग लाकडाच्या पट्ट्या ठोकून पुन्हा जोडला होता आणि मोठ्या पलंगाच्या पलीकडे, भिंतीस लावून ठेवला होता. रेक्झिन फाटून फोम बाहेर आला होता. आपल्या हातचे इतके ओंगळ काम कारागिराने आयुष्यात कोणास दाखविले नसते. तो धाकटीजवळ गेला व तिच्यासमोर जमिनीवर बसला. "माझं चुकलं, बाळ. तू आजारी नाहीस. वेगळी खोली गेली खड्ड्यात." दुभाष्याने सांगितले. धाकटीने छायाचित्र घेतले, पुष्कळ वेळ पाहिले. ते हातात घेऊनच ती निघून गेली.

ठरलेल्या दिवशी अधिकारीबाईंच्या टेबलासमोर सर्वजण बसले. धाकटी मावशींच्या मांडीवर होती. तिच्या मुठीत ते छायाचित्र चुरगळलेले होते. पत्नीने कारागिराचे मनगट असे धरले होते की, त्याच्या बोटांस मुंग्या आल्या.

"या दोघांबरोबर जायचंय का तुला?" अधिकारीबाईंनी विचारले.

धाकटीने छायाचित्र टेबलावर उलगडले आणि त्यावर बोट ठेवले.

"ती विचारते, या बाजूला कोण झोपणार?" दुभाषी म्हणाला.

"आई," पत्नी म्हणाली. "मी."

बोट सरकले. "आणि या बाजूला?"

"तिकडे भिंत आहे," कारागीर म्हणाला.

धाकटीने मान जोरजोराने हलविली. पत्नीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मग धाकटी एक शब्द बोलली आणि तोच पुन्हा, अधिक मोठ्याने बोलली.

"मध्ये," दुभाष्याने सांगितले. "तिला मध्ये हवंय."

"मध्ये?" कारागीर उसळला. "अहो, मध्ये म्हणजे आमचा पलंगसुद्धा कापायचा! भिंतीला लावायचा एक, दाराशी एक! चालायला जागा उरणार नाही! रात्री पाणी प्यायला उठलो तर दोघींच्या अंगावरून जाऊ?"

दुभाष्याने, आपल्या स्वभावास अनुसरून, हे सर्व सावकाश व जसेच्या तसे धाकटीस ऐकविले. तिने लक्षपूर्वक ऐकले.

"हो की नाही, तेवढंच सांग," अधिकारीबाई म्हणाल्या.

धाकटीने कारागिराकडे बोट करून काही विचारले.

"ती म्हणते, आधी त्याला विचारा. तो ठेवणार का मध्ये?"

आता अधिकारीबाईंनीही लेखणी खाली ठेवली आणि कारागिराकडे पाहिले. मावशींनी पाहिले. पत्नीने पाहिले. एवढ्या लांब येऊन, एवढे दाखले गोळा करून, शेवटी परीक्षा आपलीच, हे त्यास कळून चुकले.

"ठेवतो!" तो ओरडलाच. "मध्ये ठेवतो, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो, उठतच नाही! सांगा तिला, मास्तर, आणि जरा लवकर सांगा!"

दुभाष्याने सांगितले. धाकटीने छायाचित्र उचलले, कारागिराच्या हातात दिले, आणि अधिकारीबाईंकडे वळून हो म्हणाली.