गंगाक्काचे शुक्रवार

मुलांनो, गंगाक्का दिसण्याआधी ऐकू यायची. येलहंकाच्या आपल्या गल्लीत उतरत्या उन्हाबरोबर तिच्या हिरव्या बांगड्या किणकिणत यायच्या आणि मागोमाग हळद व मशीनचे तेल यांचा मिसळलेला वास. आपल्या मागच्या खोलीत ती भाड्याने राही. लग्न होऊन निपाणीकडून आली आणि कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवू लागली. खडीसाखर पाण्यात विरावी तशी तिची बोली इथल्या कन्नडात विरत गेली, गोडी मात्र उरली.

कारखान्यात लघवीला जायलाही परवानगी लागे, वर शिव्या. बायकांनी एकत्र यावे असे तिला वाटे. पण संघटनेच्या सभेला कुठली सासू सोडणार? म्हणून तिने दर शुक्रवारी आपल्या घराच्या व्हरांड्यात हळदीकुंकू मांडले. "ह्याला न्हाई म्हणंल अशी सासू अजून जल्मायची हाय, वैनी!" असे मला म्हणून खळखळून हसायची. कुंकवाचे बोट आणि हरभऱ्याची उसळ यांच्या मधल्या वेळात भित्र्या बायका बोलायला शिकल्या. एके दिवशी साऱ्या मशिनी एकदम थांबवून त्यांनी साहेबाला शिव्या गिळायला लावल्या.

शेजारच्या मशीनवरची मल्लव्वा तेवढी पायरीपर्यंत येऊन परत जायची. ती विधवा होती. "तुम्ही बोला, अक्का. मला उद्या सांगा." गंगाक्का "सरी, बरं" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी सगळे सांगे. तेवढे पुरेसे आहे, असेच तिला वाटत राहिले.

मग गंगाक्काचा नवरा गेला. त्यानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला ती आली, ती आवाजावाचून. येऊ नको असे कुणी म्हटले नाही, ये असेही नाही. कुंकवाचे तबक फिरवणारीचा हात हवेतच थबकला. मग उशिराने मी आत बोलावले, तर पायरीवरूनच म्हणाली, "स्वल्प थांबतो, वैनी. मल्लव्वा हितनंच मागं फिरायची, न्हवं?"

पुढच्या शुक्रवारी तिने तबक मांडलेच नाही, नुसता चहा. सासवांनी सुना अडवल्या, व्हरांडा निम्मा ओस पडला. ती स्वतः मल्लव्वाला बोलवायला गेली, तर खोलीला कुलूप. मल्लव्वा काम सोडून गावी गेली होती. भिंतीकडची एक जागा गंगाक्का शेवटपर्यंत तिच्यासाठी मोकळी ठेवी.

आता गंगाक्काही नाही. शुक्रवारचे ऊन कुणाला न विचारता पायरी चढते आणि त्या जागेवर जाऊन बसते. काळ सगळ्यांनाच एक दिवस आत घेतो. त्या दोघींची आठवण मात्र पायरीशी उभी राहते, त्यांना कुणीतरी वेळेवर हाक मारायला हवी होती म्हणून.