नायकाच्या जागी पडणारा

एर्लीनबाईंनी पॉपकॉर्नचा पुडा मांडीवरून उचलून खुर्चीखाली ठेवला आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आता हा मी," शेजारून रॉडरिक कुजबुजला.

पडद्यावर लांब कोटातला शिकारी धावत्या ट्रकच्या टपावर दोन पिशाच्चांना लोळवत होता. चेहरा दिसत नव्हता. चेहरा दिसला की तो नट; आदळायची वेळ आली की त्याच्या जागी एर्लीनबाईंचा पोरगा.

बॉल्टिमोरच्या त्या थिएटरात शनिवारचा दुपारचा खेळ खच्चून भरला होता आणि एकही जण तोंड मिटून बसला नव्हता. "मागं बघ, मागं!" "अरे मेल्या, त्या दारातून नको जाऊस!" एर्लीनबाईंचे तीस वर्षांचे रविवार चर्चच्या दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवण्यात आणि कुजबुजणाऱ्यांना डोळ्यांनी गप्प करण्यात गेले होते. मागच्या पोरींकडे त्यांनी दोनदा वळून पाहिलं. इथे तो धाक चालेना.

"मावशी, चिडू नका," त्यातली एक म्हणाली. "अशा सिनेमात आपला काळा माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत मरतो. हा तासभर झाला तरी उभा आहे! ओरडू नको तर काय करू?"

सोमवारी रॉडरिक याच सिनेमाच्या दुसऱ्या भागाच्या शूटिंगसाठी निघणार होता. आठवडाभर तो रोज येऊन आईला विचारत होता, जाऊ का म्हणून, आणि त्या रोज नाही म्हणत होत्या. नवरा जहाजाच्या कारखान्यात परांचीवरून पडून गेलेला; मुलानं पडण्याचाच धंदा करावा, हे त्यांना सोसवत नव्हतं. पण वस्तीत त्याचा डंका होता. न्हाव्यानं आरशाशेजारी त्याचा फोटो लावला होता. "एकदा बघ तरी," म्हणत त्यानं आज त्यांना ओढून आणलं होतं.

शिकारी घंटाघराच्या कठड्यावर चढला. रॉडरिकची कुजबुज थांबली.

"हाही तूच?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

कठडा तुटला. शिकारी हवेत उलटा होऊन दगडी फरशीवर पाठीवर आदळला. थिएटर चिडीचूप झालं. तो हलेना. पिशाच्चं चहूबाजूंनी सरकत आली. आपण कधी उभ्या राहिलो, हे एर्लीनबाईंचं त्यांनाच कळलं नाही.

"उठ, बाळा! उठ!"

मग चर्चमध्ये पाद्र्याच्या शब्दामागून लोकांचा उठावा तसा सगळ्या थिएटरानं सूर धरला. "उठ! उठ!" आणि शिकारी उठला. लोक खुर्च्यांवर चढले. मागच्या पोरीनं एर्लीनबाईंना मिठीच मारली.

धापा टाकत त्या खाली बसल्या. अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोला.

"उठलास की रे!"

"तो नट, आई." रॉडरिक पडद्याकडेच बघत होता. "मी नाही उठलो."

"म्हणजे?"

"मला बांधलेला दोर उशिरा ताणला गेला. दोन मणके. अकरा आठवडे पडून होतो. तुला फोनवर सांगायचो ना, शूटिंग लांबलंय म्हणून? तेव्हा. शॉट झकास आला होता. तोच ठेवला त्यांनी."

"आणि सोमवारी?"

"याच्या दुप्पट उंची. वस्तीतले सगळे येणार आहेत निरोप द्यायला."

आता त्यानंच खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. एर्लीनबाई त्याकडे बघत राहिल्या. होकारच हवा असता, तर पोरगा एकदा विचारून निघून गेला असता. हा रोज येत होता, तो त्यांचं 'नाही' ऐकायला.

त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू जात नाहीस."

"लोक काय म्हणतील?"

"माझ्यावर ढकल. सांग, म्हातारीनं रडून गोंधळ घातला, पाय धरून बसली. न्हाव्याला मीच जाऊन सांगते."

रॉडरिकनं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. मागची पोरगी पुढे वाकली.

"मावशी, हा रडतोय का?"

"सिनेमा चांगला आहे," एर्लीनबाई म्हणाल्या.